मांड बदलते तेव्हा

गेल्या वर्षीच्या, म्हणजे २०२५ च्या, चैत्रातली गोष्ट. रात्रीची जेवणे आटोपली होती. वहिनींनी बडीशेपेची वाटी फिरविली होती आणि आमचे वडीलबंधू सकाळचेच वर्तमानपत्र दुसऱ्यांदा वाचीत बसले होते. अशा निवांत वेळी आमच्या पुतण्याने घसा साफ केला आणि जाहीर केले की, आपली क्रूझर देऊन टाकून आता आपण स्पोर्ट बाईक घेणार. तीही लहानसहान नव्हे, तर हजार सीसीची.

घरात क्षणभर कोणी बोलले नाही. दादांनी चष्मा काढून पुसला. वहिनींनी देवघराकडे पाहिले. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आमच्या मातोश्रींनी तेवढे विचारले, "म्हणजे आता ती फटफटी जाऊन दुसरी फटफटी येणार, एवढेच ना?" त्यांच्या मते बदल एवढाच होता आणि पुतण्याच्याही मते तो एवढाच होता. "आजी म्हणते तेच खरे. आठ वर्षे गाडी चालवतोय मी. मांडव झाले, महेश्वर झाले, पचमढी झाली. एकदाही पडलो नाही. गाडी बदलली म्हणून मी का बदलणार?"

प्रश्न बिनतोड वाटला. त्याचे उत्तर शोधण्याचे काम मात्र आमच्या गळ्यात पडले. कारण या घरात दुचाकीवर चाळीस वर्षे घालविलेले आम्हीच. सूनबाई इतका वेळ मुलीला थोपटीत बसली होती. ती उठता उठता म्हणाली, "काका, नाही म्हणू नका; नाही म्हटले की ते हट्टाला पेटतात. पण नुसते हो पण म्हणू नका." कोणत्याही वकिलाला आपली बाजू इतक्या थोडक्यात मांडता आली नसती.

हा प्रश्न एका घरचा नाही, म्हणून येथे लिहीत आहोत. इंदूर असो, बडोदे असो, बेळगाव असो की हैदराबाद असो, आपल्या मराठी घरांतली मुले आता चांगले कमावितात आणि वडिलांना केवळ चित्रात पाहायला मिळाली तशी यंत्रे ती दारात आणून उभी करतात. वेगाचे वेड आम्हा इंदूरकरांना नवे नाही. श्रीमंत यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग मोटारीवर इंग्लंडात खास बॉडी चढवून घेतली होती, याची आठवण जुनी मंडळी आजही अभिमानाने काढतात. तेव्हा तरुणांना वेग आवडतो याबद्दल आमची तक्रार नाही. आम्हाला शोधायचे होते ते इतकेच की, एका वाहनावर मिळविलेला अनुभव दुसऱ्या वाहनावर कितीसा बरोबर येतो.

ज्यांच्या घरी हा विषय अद्याप निघालेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. मोटारसायकली वरवर सारख्या दिसल्या तरी या दोन जातींचे कूळ वेगळे. क्रूझर मूळची अमेरिकेची. १९०३ साली मिलवॉकी शहरात सुरू झालेल्या हार्ली-डेव्हिडसनच्या गाड्यांवरून तिचा घाट ठरला. बैठक खाली, हँडल उंच आणि रुंद, पाय पुढे पसरलेले, पाठ ताठ. लांबच लांब सरळ रस्त्यावर आरामखुर्चीत बसल्यासारखे जायचे, हा तिचा स्वभाव. आपल्याकडे बजाजने कावासाकीच्या सहकार्याने २००१ साली 'एलिमिनेटर' आणली आणि तिच्यावरूनच २००५ साली 'अ‍ॅव्हेंजर' निघाली. मध्यमवर्गाला या बैठकीची गोडी लागली ती अशा गाड्यांमुळे.

स्पोर्ट बाईकचे कूळ शर्यतीच्या मैदानातले. सुझुकीची जीएसएक्स-आर ७५० ही १९८५ साली आणि होंडाची 'फायरब्लेड' १९९२ साली बाजारात आली. शर्यतीत धावणाऱ्या यंत्राला दिवे आणि नंबरप्लेट लावून रस्त्यावर सोडावे, असा तो प्रकार होता. येथे बैठक उंच, हँडल खाली आणि आखूड, पाय मागे दुमडलेले आणि धड टाकीवर झुकलेले. जुन्या घोडेस्वारांच्या भाषेत सांगायचे तर घोडा बदलतो तेवढ्याने भागत नाही, सगळी मांडच बदलते.

मग आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. पुतण्याची क्रूझर साडेतीनशे सीसीची. तिची शक्ती सुमारे वीस अश्वशक्ती, वजन एकशे नव्वद किलोच्या आसपास. ज्या हजार सीसीच्या गाड्यांची चित्रे तो रोज न्याहाळीत होता त्यांचे वजन सुमारे दोनशे किलो आणि शक्ती दोनशे अश्वशक्तीच्या घरात. वजन जवळजवळ तेवढेच. घोडे मात्र दसपट! क्रूझरचे इंजिन मिनिटाला सहा हजार फेऱ्यांच्या सुमारास आपली सगळी ताकद देऊन मोकळे होते. त्या यंत्राचे इंजिन तेरा हजारांच्या पुढे जाऊन मग पुरे जोरात येते. पहिल्या गिअरमध्येच ते ताशी शंभर किलोमीटर सहज ओलांडते. आपल्या देशात २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे चौपदरी महामार्गावरसुद्धा दुचाकीला ताशी ऐंशीची मर्यादा आहे. याचा अर्थ असा की, कायद्याने वागायचे तर या गाडीचे उरलेले पाच गिअर केवळ शोभेचे. हे ऐकून पुतण्या हसला. पण हसू अंमळ कमी झाले होते.

पुढचा हिशेब ब्रेकचा. ताशी साठच्या वेगात गाडी सेकंदाला सुमारे सतरा मीटर जाते. समोर काही दिसल्यावर हातापायांना हुकूम पोहोचेपर्यंत एक सेकंद गेला असे धरा; सतरा मीटर तिथेच संपले. त्यापुढे चांगल्या कोरड्या रस्त्यावर, चांगला ब्रेक लावून, गाडी थांबायला आणखी वीस मीटर. एकूण सदतीस. वेग एकशे वीस झाला की पहिला आकडा दुप्पट होतो, पण दुसरा चौपट. तेहेतीस आणि ऐंशी मिळून एकशे तेरा मीटर. वेग दुप्पट केला तर थांबायला तिप्पट जागा लागते. क्रूझरवर एकशे वीसचा काटा गाठायला कष्ट पडतात आणि तोवर गाडी थरथरून, आवाज करून चालकाला चार वेळा जाणीव देते. स्पोर्ट बाईकवर तो काटा केव्हा आला हे कळतही नाही. यंत्र जितके सफाईदार, तितका वेग अबोल.

वळणाचेही तसेच. मोठ्या क्रूझरच्या दोन चाकांतले अंतर सोळाशे मिलिमीटरच्या पुढे असते आणि पुढचा दांडा बराच तिरपा; त्यामुळे ती सरळ जायला राजी, वळायला नाराज. वळणावर जरा जास्त कलली की पायटा रस्त्याला घासून खरखरतो. ती तिची सूचना समजावी. स्पोर्ट बाईकच्या चाकांतले अंतर चौदाशेच्या आसपास, दांडा पुष्कळसा उभा. ती नुसत्या इशाऱ्याने कलते आणि पुष्कळ खालपर्यंत कलते. तिथे खरखरून सावध करणारे कोणी नाही. ब्रेकची गोष्ट निराळीच. लांब आणि बुटक्या क्रूझरवर मागचा ब्रेक बऱ्यापैकी कामाला येतो आणि पायाला त्याची सवय जडते. आखूड आणि उंच स्पोर्ट बाईकवर जोराने ब्रेक लावताच सगळा भार पुढच्या चाकावर येतो, मागचे चाक हलके होते आणि मागच्या ब्रेकचा उपयोग थोडाच उरतो. तेथे सारे काम उजव्या हाताच्या दोन बोटांचे, तेही हळूहळू दाब वाढवीत. २०१९ सालापासून आपल्याकडे सव्वाशे सीसीच्या वरच्या सर्व नव्या दुचाकींना चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा सक्तीची झाली, हे फार चांगले झाले. पण ती यंत्रणा चाक सांभाळते. चुकीच्या जागी गेलेला पाय सांभाळीत नाही.

या शेवटच्या वाक्यासाठीच आम्ही एका संध्याकाळी पुतण्याला घेऊन आमच्या एका वर्गमित्राकडे गेलो. हे गृहस्थ रामबागेत राहतात, काठी घेऊन चालतात आणि काठीचे कारण कोणाला सांगत नाहीत. त्या दिवशी आम्ही सांगण्याची विनंती केली.

१९८४ सालची ती गोष्ट. त्यांच्या वडिलांची बुलेट होती आणि चौदाव्या वर्षापासून, म्हणजे कायद्याने चालवू नये त्या वयापासून, ते ती चालवीत आले होते. आमच्या सबंध वर्गात त्यांच्याइतका सफाईदार चालक दुसरा नव्हता. नोकरी लागताच त्यांनी त्या काळच्या मानाने फार चपळ अशी एक नवी गाडी घेतली. तिचे नाव सांगण्यात हशील नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. आजच्या वाचकांना हे सांगितले पाहिजे की, त्या काळच्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि मागचा ब्रेक डाव्या पायाशी असे. ही जुन्या इंग्रजी गाड्यांची रीत. जपानी वळणाच्या गाड्यांचे नेमके उलट. गिअर डावीकडे, ब्रेक उजवीकडे. १९७० च्या दशकात अमेरिकेने गिअर डावीकडेच हवा असा नियम केला, तेव्हापासून जगभर तीच रीत रूढ होत गेली आणि पुढे बुलेटनेही ती पत्करली. पण १९८४ साली आमच्या इंदुरात दोन्ही रीती एकाच रस्त्यावर नांदत होत्या.

"तिसरा आठवडा होता," मित्र सांगू लागले. "मानपूरच्या अलीकडे. आग्रा-मुंबई रस्ता. वेग फार नव्हता रे, खरेच नव्हता. समोरचा ट्रक एकाएकी उजवीकडे वळला. मी ब्रेक दाबला. डाव्या पायाने. आठ वर्षे डाव्याच पायाने दाबीत आलो होतो. आता त्या पायाखाली गिअर होता." ते थांबले. वहिनींनी पोहे आणून ठेवले होते, त्यांवरची शेव सारखी करीत राहिले. मग पुतण्याकडे पाहून म्हणाले, "मला गाडी चालविता येत होती. फार चांगली येत होती. पण ती दुसरी गाडी."

पुतण्याने विचारले, "काका, मग मी घेऊ नको?"

"घे की! मी कोण नको म्हणणारा? या पायानेसुद्धा मनातून आज घेईन. पण आधी पायाला शिकव."

परतताना पुतण्या काही बोलला नाही. आम्हीही बोललो नाही. चाळीस वर्षांत मित्राकडून ही हकिकत आम्ही एवढी सविस्तर कधी ऐकली नव्हती. तिचा अर्थ मात्र आम्हाला त्याच आठवड्यात एका जुन्या अमेरिकी अहवालाविषयी वाचताना उलगडला. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस आणि आसपासच्या भागात मोटारसायकलींच्या सुमारे नऊशे अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी केली आणि १९८१ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात पुष्कळ गोष्टी आहेत. अपघातात सापडलेल्यांपैकी शेकडा ब्याण्णव जण आपल्याआपण किंवा घरच्यांकडून-मित्रांकडून गाडी शिकलेले होते. आणीबाणीच्या क्षणी पुष्कळांनी मागचा ब्रेक गच्च दाबला आणि पुढचा पुरेसा दाबलाच नाही. हेल्मेटने डोके वाचते, याबद्दल तर संशयाला जागाच उरली नाही. परंतु आमची नजर खिळली ती एका वाक्याशी. अपघातात सापडलेल्या चालकांना रस्त्यावरचा अनुभव सरासरीने जवळजवळ तीन वर्षांचा होता; परंतु ज्या गाडीवर अपघात झाला त्या गाडीचा अनुभव निम्म्याहून अधिक जणांना पाच महिन्यांचाही नव्हता.

वाचकहो, आमच्या पुतण्याच्या बिनतोड प्रश्नाचे उत्तर हे होते. "गाडी बदलली म्हणून मी का बदलणार?" बाळा, तू बदलत नाहीस, हाच तर धोका आहे. मनाने तू नव्या गाडीवर बसतोस. हातपाय जुन्याच गाडीवर बसलेले राहतात. रस्ता मोकळा असतो तोवर मनाचे राज्य चालते. संकट आले की राज्य हातापायांचे. आणि त्या एका सेकंदात ते जुन्या मालकाचा हुकूम मानतात.

आज दोन्ही जातींच्या गाड्यांचा गिअर डावीकडेच असतो, हे खरे. म्हणून आमच्या मित्राच्या चुकीला आता वाव नाही, असे पुतण्याला वाटले. आम्ही त्याला त्याच्याच गाडीवर बसवून पाय कोठे ठेवतोस ते दाखवायला सांगितले. पाय पुढे, गुडघ्यांच्याही पलीकडे. नव्या गाडीवर तोच ब्रेक बैठकीखाली, मागे. क्रूझरचा गिअर तो टाचेने मागची पट्टी दाबून वाढवीत असे. नव्या गाडीला टाचेची पट्टीच नाही, सारे चवड्याचे काम. "म्हणजे डावे-उजवे सुटले आणि पुढे-मागे आले," तो हळूच म्हणाला. प्रकाश पडला तो येथे.

दुसऱ्या देशांनी ही गोष्ट कायद्यात आणली आहे. युरोपीय संघात १९ जानेवारी २०१३ पासून मोटारसायकलीच्या परवान्याच्या पायऱ्या आहेत. प्रथम सव्वाशे सीसीपर्यंत, मग पस्तीस किलोवॉट म्हणजे सुमारे सत्तेचाळीस अश्वशक्तीपर्यंत, आणि त्यावर दोन वर्षे काढल्यानंतर पुढची परीक्षा देऊन हवी ती गाडी. अथवा थेट मोठा परवाना हवा असेल तर सामान्यपणे वयाची चोविशी गाठावी लागते. जपानातही चारशे सीसीच्या वरच्या गाड्यांना वेगळा परवाना लागतो आणि ज्या देशात ही यंत्रे जन्मली तिथे एके काळी त्याची परीक्षा फार कठीण मानली जात असे. आपल्याकडे गिअरच्या मोटारसायकलीचा एकच परवाना; शंभर सीसीवर जो मिळाला तोच तेराशे सीसीलाही चालतो. मधल्या पायऱ्या बांधायच्या असतील तर त्या घरानेच बांधल्या पाहिजेत. आपल्या देशात २०२२ साली रस्त्यांवर एक लाख अडुसष्ट हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीवरच्यांचा होता. हे ध्यानात घेतले म्हणजे ती जबाबदारी किती मोठी आहे ते कळते.

तेव्हा आमच्या घरात करार झाला. सूनबाईने तो मुलीच्या चित्रकलेच्या वहीत लिहून काढला आणि दादांनी त्यावर सही केली. पहिले कलम असे की, हजार सीसी तूर्त नाही. त्याऐवजी साडेसहाशे सीसीची, दोन सिलिंडरांची, अडुसष्ट अश्वशक्तीची. तीही त्याच्या क्रूझरच्या तिपटीहून अधिक आणि युरोपात तीसुद्धा दुसऱ्या पायरीवर बसली नसती. पण करार दोन्ही बाजूंनी थोडे सोडल्याशिवाय होत नसतो. दुसरे कलम पाच महिन्यांचे. गाडी अक्षय्य तृतीयेला घ्यायची आणि दसऱ्यापर्यंत तिच्यावर डबलसीट नाही, रात्रीचा प्रवास नाही, घाट नाही, मुसळधार पावसात बाहेर काढणे नाही. वैशाख शुद्ध तृतीयेपासून आश्विन शुद्ध दशमीपर्यंत पाच महिने आणि सात दिवस भरतात. पंचांगानेच हा मेळ घालून दिला, असे मातोश्रींचे म्हणणे. तिसरे कलम आम्ही घातले. या काळात जुन्या क्रूझरला हात लावायचा नाही. पायाला दोन भाषा एकदम शिकवू नयेत. कारखान्यात पीथमपूरला जायचे ते कंपनीच्या बसने. क्रूझर विकायची नाही, ती आमच्याकडे राहील. हे कलम घालताना आमचा स्वार्थ नव्हता, असे आम्ही शपथेवर सांगणार नाही.

चौथे कलम पोशाखाचे. आयएसआय छापाचे, डोके पूर्ण झाकणारे हेल्मेट तर हवेच. १ जून २०२१ पासून दुसरे विकण्यासच बंदी आहे. शिवाय खांद्याला आणि कोपराला आतून कवच असलेले जाकीट, बोटे पूर्ण झाकणारे हातमोजे आणि घोट्याच्या वर येणारे बूट. पडणारा माणूस पहिल्यांदा तळहात पुढे करतो. रस्ता त्या तळहाताची सालटी काढतो. या साऱ्या सामानाचा खर्च पाहून दादा म्हणाले, "एवढ्यात आमचे लग्न झाले होते!" तरी पैसे त्यांनीच दिले.

शिकण्याचा प्रश्न राहिला. आमच्या शेजारी पीथमपूरला 'नॅट्रॅक्स' ही वाहनांची चाचणी घेणारी मोठी संस्था आहे, तिचा ११.३ किलोमीटरचा वेगवान वर्तुळाकार मार्ग २९ जून २०२१ रोजी सुरू झाला. पण तो मार्ग वाहनांच्या चाचण्यांसाठी. आमच्यासारख्यांच्या सरावासाठी नव्हे. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे आणि कोइमतूरजवळ शर्यतीच्या धावपट्ट्या आहेत व तेथे मोटारसायकल चालविण्याचे पद्धतशीर वर्ग भरतात. त्यांतल्या एका वर्गासाठी पुतण्याने रजा शिल्लक ठेवली. तोवर दर रविवारी पहाटे एका मोकळ्या मैदानात आम्ही खडूने रेघ ओढीत असू आणि तो तीस, मग चाळीस, मग पन्नासच्या वेगाने येऊन त्या रेघेवर थांबण्याचा सराव करी. डावीकडे वळायचे तर डावे हँडल क्षणभर पुढे ढकलायचे, ही उफराटी वाटणारी गोष्ट मोटारसायकलवर सर्वत्र खरी आहे. रुंद हँडलावर ती नकळत साधते, आखूड हँडलावर जाणून करावी लागते. नजर खड्ड्यावर ठेवली तर गाडी खड्ड्यातच जाते, म्हणून नजर जिथे जायचे तिथे ठेवायची. मनगटांवर भार टाकायचा नाही. गुडघ्यांनी टाकी धरायची आणि धड पाठीच्या बळावर सावरायचे. पहिले पंधरा दिवस त्याची मनगटे आणि मान इतकी दुखत की, सूनबाई तेल चोळताना म्हणे, "आरामखुर्ची सोडून उठाबशा विकत घेतल्या!"

आषाढातली एक संध्याकाळ मात्र विसरता येणार नाही. पाऊस थांबला होता. पुतण्या गाडी घेऊन कॉलनीतच एक चक्कर मारायला गेला आणि दहा मिनिटांत पायी परत आला. चेहरा उतरलेला. आमच्या पोटात गोळा आला. तो ओट्यावर बसला आणि म्हणाला, "काका, गाडी कोपऱ्यावर उभी आहे. काही झालेले नाही. पण पाय पुढे गेला."

गल्लीतून चेंडूमागे एक पोर धावत आले होते. वेग पंचविसाच्या आत. उजवा पाय आपोआप पुढे गेला, आठ वर्षांच्या सवयीने, आणि हवेत पडला. तिथे ब्रेक नव्हता. काहीच नव्हते. गाडी थांबली ती बोटांनी, खडूच्या रेघेवर जितक्या वेळा थांबली होती त्याच सवयीने. पोर चेंडू घेऊन निघूनही गेले. त्याला काही कळले नाही. "रविवार झाले नसते तर?" एवढेच त्याने विचारले. आम्ही उत्तर दिले नाही. त्या रात्री तो आमच्या मित्राकडे एकटाच गेला आणि उशिरा परतला. दोघांत काय बोलणे झाले ते आम्ही विचारले नाही. ते त्या दोघांचे.

त्यानंतर कराराची आठवण कोणाला करून द्यावी लागली नाही. श्रावणात तो धावपट्टीवरच्या वर्गाला जाऊन आला. तिथे काय शिकलास असे विचारताच म्हणाला, "हळू जायला." विनोद वाटला तरी तो विनोद नव्हता. वेगाची हौस तिथे पुरी झाली, कारण तिथे समोरून बैलगाडी येत नाही, गतिरोधक नसतो, रस्त्यात गाय बसत नाही. मग शहरातल्या रस्त्यावर ती हौस भागविण्याची गरज राहिली नाही. हजार सीसीची चित्रेही त्याच्या भिंतीवरून केव्हातरी उतरली. ती घ्यायची की नाही ते दोन वर्षांनी पाहू, असे आता तोच म्हणतो.

दसऱ्याला दोन्ही गाड्या धुऊन अंगणात उभ्या केल्या. मातोश्रींनी दोघींना हळदकुंकू वाहिले, झेंडूचे हार घातले आणि शस्त्रपूजा एकदाची झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघे ओंकारेश्वराकडे निघालो. पुतण्या आपल्या नव्या गाडीवर, आम्ही त्याच्या जुन्या क्रूझरवर. खरे सांगायचे तर आम्हालाही पाच महिने तिचा सराव करावा लागला होता. चौसष्टाव्या वर्षी पाय पुढे पसरायला शिकणे सोपे नसते, आणि आमच्याही पायांनी सुरुवातीला दोन-तीनदा मागेच ब्रेक शोधला होता. करार त्याच्यासाठी लिहिला, पण तो आम्हालाही पाळावा लागला.

सिमरोळ मागे पडले आणि भेरूघाट लागला. पहिल्या वळणाआधी त्याने वेग कमी केला, नजर वळणाच्या पार पलीकडे नेली आणि गाडी अलगद कलवून तो दिसेनासा झाला. आम्ही आमच्या चालीने, प्रत्येक वळणाशी थोडी हुज्जत घालीत खाली आलो. घाट संपतो तिथे चहाच्या टपरीजवळ तो उभा होता. हेल्मेट काढलेले, दोन चहा सांगून ठेवलेले.

"किती वेळ झाला येऊन?" आम्ही विचारले.

"आत्ताच आलो, काका," तो म्हणाला.

टपरीवाला हसला. चहा अजून उकळायचा होता, त्याअर्थी ते खरे असावे. घरी फोन करून सूनबाईला तेवढे कळविले आणि मग नर्मदेच्या दिशेने पुढे निघालो.